समझोत्याची जिलबी

आमच्या घरी रविवारी दुपारी खव्याची जिलबी आली की समजायचं, गावात कुणाचा तरी संसार पुन्हा जुळला. ही जिलबी म्हणजे पुण्यामुंबईकडची पिवळी, कुरकुरीत जिलबी नव्हे. ही आमच्या जबलपूरची. जाडजूड, काळपट, पाकात इतकी मुरलेली की कागदी डब्याचं बूड ओलं होऊन बाबांच्या स्कूटरच्या डिकीत डाग पडायचे. बाबा रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून पोलीस ठाण्यातल्या परिवार परामर्श केंद्रात जाऊन बसायचे. नवऱ्याची तक्रार घेऊन एखादी बाई ठाण्यात आली, की ती लिहून घेण्याआधी तिला या केंद्रात पाठवायचे. तिथे एक निवृत्त हेडमास्तर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, आमचे बाबा, असे भले लोक एका लांब टेबलाशी बसलेले असत. नवराबायकोला समोरासमोर बसवायचं, समजूत घालायची आणि जमलं तर तिथल्या तिथे समझोता. समझोता झाला की झेंडूचे दोन हार यायचे. दोघांनी ते एकमेकांना घालायचे, नवऱ्याने बायकोच्या तोंडात जिलबी घालायची, ठाण्यासमोरचा फोटोवाला फोटो काढायचा आणि उरलेली जिलबी या भल्या लोकांच्या घरी वाटून जायची. आमच्या वाट्याची मी मिटक्या मारत खायचे. आजही मला खव्याची जिलबी आवडते. हे सगळं कळल्यावर मी ती सोडली असेल असं लोकांना वाटतं. मी नाही सोडली. जिलबीचा त्यात काय दोष?

बाबांना या कामाचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता. बाजारात भाजी घेताना एखादं जोडपं येऊन त्यांच्या पाया पडायचं. बाबा संकोचून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि विचारायचे, "भेड़ाघाट हो आए दोनों?" हे त्यांचं ठरलेलं औषध होतं. भांडण कसलंही असो, बाबा नवऱ्याला सांगायचे, हिला एकदा भेडाघाटला घेऊन जा, नर्मदेचा धुवांधार धबधबा दाखव, भाजलेलं कणीस खाऊ घाल. स्वतः त्यांनी आईला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सायकलवरून तिथे नेलं होतं आणि त्या सायकलफेरीवर आपला संसार उभा आहे अशी त्यांची समजूत होती. आई म्हणायची, "काय सांगून राहिले सगळ्यांना? येताना पंक्चर झाली होती न, ते काहून नाही सांगत?" बाबा हसायचे. त्यांनी आईवर कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. राग आला की ते उठून गच्चीवर जायचे, तिथल्या कुंड्यांना पाणी घालायचे आणि झाडं जास्त पाण्याने मरायची. बाबांची चूक एवढीच होती, आणि ती लहान नव्हती, की जगातला प्रत्येक नवरा रागावला की गच्चीवर जातो असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आम्ही जबलपूरच्या चेरीताल भागात राहायचो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे ओटा आणि ओट्यासमोर एवढी अरुंद गल्ली की समोरच्या घरातली शिलाई मशीन आमच्या घरात चालते आहे असं वाटायचं. ती मशीन कुंदाताईची. आई लहानपणीच गेलेली, वडील म्हातारे, दम्याने बेजार. ती घर सांभाळून गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. माझे शाळेचे फ्रॉक, परकर, पुढे सलवार-कुर्ते, सगळं तिच्याच हातचं. ती माझ्याहून बरीच मोठी, पण मला मैत्रिणीसारखी वागवायची. सायकल तिने मला शिकवली. पाटवडीचा रस्सा चुलीवर चढला की वास घेत ती हातात वाटी धरूनच यायची आणि आईला म्हणायची, "काकू, मी चाखायला नाही आली, मी तर सुई मागायला आली." आणि मग हसायची. कुंदाताईचं हसणं सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती तोंड पूर्ण उघडून, मागच्या दाढा दिसेपर्यंत हसायची. "बाप्पा, हळू हस न गं, मुलीच्या जातीला शोभतं का?" असं आई म्हणायची आणि त्यावर कुंदाताई आणखी हसायची, आणि मग आईलाही हसू आवरायचं नाही. आमच्या घरात चार माणसं आहेत आणि त्यातलं एक समोर राहायला आहे, असा आमचा हिशेब होता.

तिचं लग्न आमच्याच ओट्यासमोर मांडव घालून झालं. मुलगा विलास, मराठीच, गोहलपूरला त्याचा खिडक्यांच्या ग्रिल आणि शटर बनवायचा छोटा कारखाना. बोलायला मऊ, मोठ्यांच्या पाया पडणारा. लग्नानंतरच्या हिवाळ्यात कुंदाताईचे वडील गेले, समोरच्या घरात दुसरे भाडेकरू आले आणि तिचं माहेर म्हणजे आमचंच घर उरलं. सुरुवातीला ती संक्रांतीला, राखीला यायची. मग विलासला वेळ नसतो म्हणून येईनाशी झाली. आली तरी डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसायची, आणि आईने विचारलं की म्हणायची, "चांगलं आहे सगळं काकू. काम खूप असतं." आईला ते पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून करणार काय, असं त्या काळी सगळ्यांचंच होतं.

एका शनिवारी बाबा ऑफिसातून आले ते चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "कुंदाने ठाण्यात अर्ज दिला आहे. विलासने हात उचलला म्हणे." आई पोळ्या लाटत होती, ती थांबली. बाबा घाईने म्हणाले, "तू काळजी नको करू. उद्या केंद्रात बसवतो दोघांना. आपली पोरगी आहे, मी स्वतः बसवतो." त्या रात्री जेवताना बाबा खूप बोलत होते. परक्या माणसांची घरं जोडली, आता घरच्या मुलीचं जोडायची वेळ आली, याची त्यांना जबाबदारी वाटत होती. ते तिच्यावर किती माया करायचे हे मी जाणते, म्हणून त्या रात्रीच्या त्यांच्या उत्साहाचा मला आजही राग येत नाही. वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांच्या मागे स्कूटरवर बसले, कारण कुंदाताई भेटणार होती. मला एका कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. टेबलाच्या एका बाजूला बाबा आणि ते बाकीचे भले लोक, समोर दोन खुर्च्या चिकटून ठेवलेल्या. एकीवर विलास, दुसरीवर कुंदाताई, मागे विलासची आई आणि मोठा भाऊ उभे. कुंदाताईचा पदर गालावरून पुढे आलेला होता. विलास हात जोडून म्हणाला, "काकाजी, गलती हो गई. कामाचं टेन्शन असते, गुस्सा येऊन जाते." बाबा म्हणाले, "अरे, राग कोणाला येत नाही? मलाही येतो. पण हात नाही उचलायचा, समजलं? रागावला की बाहेर निघून जायचं." विलासने मान डोलावली. मग बाबा अगदी प्रेमाने म्हणाले, "बोल बेटा कुंदा, तुला काही सांगायचं आहे?" तिच्या खुर्चीच्या पाठीवर विलासच्या आईचा हात होता. कुंदाताईने मान हलवली, नाही म्हणून. "चलो, मग झालं," बाबा म्हणाले, आणि हार आले.

त्यानंतरचं मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता ते मला आपोआप दिसतं. विलासने जिलबी उचलून तिच्या तोंडाशी नेली. तिने ओठ थोडेसे उघडले, जिलबी आत जाईना. पाक हनुवटीवर ओघळला. हेडमास्तर हसले, विलासचा भाऊ हसला. "लाजून राहिली पोरगी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन ती जिलबी घेतली, बोटांनी तिचे बारीक बारीक तुकडे केले, लहान बाळाला भरवतात एवढे, आणि एकेक तुकडा विलासच्या हातात दिला. ते तुकडे तिने ओठांच्या फटीतून आत घेतले. फोटोवाला म्हणाला, "भाभीजी, ज़रा मुस्कुराइए." बाबा म्हणाले, "हस बेटा, फोटो आहे." कुंदाताईचे ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले आणि फोटो निघाला. परत येताना मी बाबांना म्हटलं, "कुंदाताई माझ्याशी बोललीच नाही." बाबा म्हणाले, "माहेरच्या माणसांसमोर लाज वाटते बेटा, मोठी झालीस की समजेल." डिकीत जिलबी होती.

मी पुढे वकील झाले. काही वर्षांपासून अशा केंद्रांत बसणाऱ्या नव्या लोकांना शिकवायला मला बोलावतात. कायद्याची कलमं ते वाचून येतात, ती मी शिकवत नाही. मी आधी टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांतली एक उचलून बाहेर ठेवायला सांगते. मग विचारते, आता बोलेल का ती? काहींना लगेच कळतं. काहींना वाटतं, ही वकीलबाई नाटक करते आहे.

कुंदाताईचा समझोता झाला त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरड्यांचं काम चाललं होतं. आई सकाळपासून गव्हाचा चीक शिजवत होती आणि मी लाटण्याएवढ्या जाड काठीने तो घोटत होते. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. जिन्यावरून कुंदाताई वर आली ती एका हाताने दुसरा हात छातीशी धरून. आईने तिच्याकडे पाहिलं. तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं, मला खाली पिटाळलं, पाणी आणायला. मी पाणी घेऊन आले तेव्हा आईने वाटीत गरम चीक, दूध आणि साखर घालून कुंदाताईच्या पुढे ठेवला होता. आमच्याकडे कुरड्या करताना असा चीक खायचा मान मुलांचा असतो. कुंदाताई एका बाजूने, थांबत थांबत गिळत होती. आई म्हणाली, "तोंड काहून उघडून नाही राहिली तू?" आणि कुंदाताई बोलायला लागली. हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, जरी गच्चीवर आमच्याशिवाय फक्त कुरड्यांसाठी अंथरलेली धोतरं होती.

"जबडा मोडला होता काकू. अर्ज दिला त्याच्या आदल्या दिवशी. काका म्हणाले न, काही सांगायचं आहे का? कशी सांगणार होती मी? सासू मागून खांदा दाबून राहिली होती. घरी तर त्यांच्यासोबतच जायचं होतं." मग ती म्हणाली, "भेडाघाटला नेलं बरं त्यांनी मला. काकांनी सांगितलं होतं म्हणून. कणीस पण घेऊन दिलं. माझ्याकडून खाल्लं नाही गेलं. घरी आल्यावर म्हणाले, ठाण्यात गेली होती न, आता जा पुन्हा. तुझ्या काकानेच परत पाठवली तुला." आई तिच्याजवळ सरकून बसली. तिने कुंदाताईला जवळ घेतलं नाही, कुठे दुखतं ते माहीत नव्हतं म्हणून. नुसता तिच्या पायावर हात ठेवला. चीक गार होऊन गोळा झाला. त्या वर्षी आमच्या कुरड्या झाल्या नाहीत.

सरकारी दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून आई तिला थेट ठाण्यात घेऊन गेली. मी सोबत होते. तक्रारी लिहून घेणारे मुंशीजी टेबलामागे वारा घेत बसले होते. ते आईला ओळखत होते. "भाभीजी, इसका तो राज़ीनामा हो चुका है," ते म्हणाले, राज़ीनामा म्हणजे समझोता, आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काच लावलेल्या फलकात जुळलेल्या जोडप्यांचे फोटो लावलेले होते आणि त्यात हार घातलेली कुंदाताई होती, शेजारी विलास, मागे आमचे बाबा. "पहले परामर्श में बैठेगी. देवघरेजी को बुला लीजिए, वही बैठा देंगे." देवघरेजी म्हणजे आमचे बाबा. तक्रार अडली होती ती बाबांच्या समझोत्यामुळे आणि पुढे सरकणार तीही बाबांच्याच हातून, अशी ती गाठ होती. आईने मला समोरच्या दुकानातून बाबांच्या ऑफिसला फोन करायला पाठवलं.

बाबा आले ते घामाघूम होऊन. कुंदाताईचा हात पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण इतक्या वर्षांची सवय तोंडात होती. म्हणाले, "अरे रे. चलो, बसू या. विलास को बुलवा लीजिए मुंशीजी, मैं अच्छे से डाँटता हूँ उसे." मुंशीजींना समजू नये म्हणून आई मराठीत म्हणाली, "आधी बाहेर चला." ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली ती बाबांशी बोलली. मी थोडी मागे होते. आई भांडत नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, "तिचा जबडा मोडला होता त्या दिवशी. तुम्ही जिलबीचे तुकडे करून भरवले न? तुम्हाला दिसलं होतं तिचं तोंड उघडत नाही ते. ती काय लाजणार? आपल्या गल्लीत कोणी पाहिली आहे कुंदाला लाजताना?" बाबा म्हणाले, "मी विचारलं होतं तिला." आई म्हणाली, "कोणासमोर विचारलं?"

बाबांनी रुमालाने चेहरा पुसला. मग आत गेले. मुंशीजींनी खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत. "बैठाना नहीं है," ते म्हणाले. "रिपोर्ट लिखिए." मुंशीजी हसले, "देवघरेजी, आप ही ने तो मिलवाया था." बाबा म्हणाले, "हाँ, मैंने ही. अब आप लिखिए." संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. बाबा भिंतीला टेकून उभेच राहिले, आणि शेवटी मुंशीजींनी कागद ओढला तो कायद्यासाठी नव्हे, एका वयस्कर माणसाला इतका वेळ उभं ठेवायची लाज वाटली म्हणून, असं माझं मत आहे.

कुंदाताई आमच्याकडे राहायला आली. तिची मशीन गोहलपूरहून सोडवून आणली आणि आमच्या ओट्यावर मांडली. आवाज गल्लीच्या पलीकडून अलीकडे आला एवढंच. बाबा त्या रविवारी केंद्रात गेले आणि म्हणाले, बाईला आधी एकटीला विचारायचं, वेगळ्या खोलीत, तिच्याजवळ एखादी बाईच बसेल. वेगळी खोली म्हणजे तिथे जप्त केलेल्या सायकलींची कोठी होती. बाबांनी ती स्वतः झाडून काढली, सायकली भिंतीला लावल्या, घरून सतरंजी आणि पाण्याचा माठ नेला. आणि त्या कोठीत दर रविवारी आमची आई जाऊन बसायला लागली. हेडमास्तरांना हे आवडलं नाही. समझोते कमी होतात, वरून विचारणा होते, असं ते म्हणायचे. ते खरंही होतं. जिलबी येणं जवळजवळ बंद झालं. आई मात्र रविवारी दुपारी यायची ती इतकी थकून, की तिला कुणी चहा करून दिला तरच ती बोलायची. तो चहा बाबा करायचे, आणि आल्याच्या ऐवजी कधी कधी आंबेहळद घालायचे.

कोर्टातला खटला चालू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. निकालाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला टांगून ठेवायला नको: विलासला शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली, आणि कुंदाताई त्याच्यापासून मोकळी झाली. पण निकालाआधीच्या त्या पेश्या! प्रत्येक तारखेला त्याच अरुंद व्हरांड्यात तिने एका भिंतीशी उभं राहायचं आणि समोरच्या भिंतीशी विलास, त्याची आई, त्याचा भाऊ. नाव पुकारेपर्यंत तिच्याकडे रोखून पाहायचं हेच त्यांचं काम. आई पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचा डबा घेऊन सोबत जायची आणि बरोबर मधोमध सतरंजी पसरून बसायची. आई चांगली धष्टपुष्ट होती. कुणी जायला वाट मागितली तर म्हणायची, "भैया, घुटने में दर्द है, उठ नहीं सकती." हल्ली काही कोर्टांत साक्षीदार बाईसाठी वेगळी खोली असते, मध्ये पडदा असतो. मी अशी खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आईची सतरंजी आठवली आणि माझे डोळे भरून आले. शेजारच्या कनिष्ठ वकिलाला वाटलं, मॅडमना सर्दी झाली.

विलासच्या वकिलाचा सगळा भर त्या फोटोवर होता. बाई मार खात होती तर हार घालून हसते कशी, मिठाई खाते कशी? आणि या फोटोचा साक्षीदार म्हणून त्यांनी बोलावलं कुणाला, तर बाबांना. साक्षीच्या आदल्या दिवशी विलासची आई आमच्याकडे आली, हातात खव्याच्या जिलबीचा डबा. "आप तो हमारे लिए भगवान हो भाईसाहब. जो हुआ था वही बोल देना, बस," म्हणाली. बाबांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "वही बोलूँगा." डबा ओट्याच्या कठड्यावर राहिला. कुणी हात लावला नाही, संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. केंद्रातले डॉक्टरही येऊन गेले. नाव आपलंच खराब होईल देवघरेजी, एवढ्या वर्षांचं काम आहे, थोडं सांभाळून बोला, असं सांगून गेले. बाबा दिवसभर गच्चीवर होते. कुंड्या अगदी भरून वाहिल्या. कुंदाताई मशीनवर बसून एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवत होती. बाबा उद्या काय बोलतील हे विचारायची तिची हिंमत नव्हती, आणि बाबांची सांगायची नव्हती. जेवताना आईच म्हणाली, "आपलं चांगलं दिसावं म्हणून काही नका बोलू. बस."

कोर्टात बाबा इस्त्रीचा तोच रविवारचा सदरा घालून उभे राहिले. वकिलाने फोटो त्यांच्या हातात दिला. यात मागे तुम्हीच आहात ना? जी. समझोता तुमच्यासमोर झाला? जी. बाई हसते आहे, बरोबर? बाबा म्हणाले, "मैंने कहा था हँसने को." वकील म्हणाला, पण मिठाई तर तिने राजीखुशीने खाल्ली? मला बाबांचा पाठमोरा सदरा दिसत होता, मानेवर घाम आलेला.

"जलेबी उसके मुँह में गई नहीं, साहब," बाबा न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "मुँह खुल ही नहीं रहा था. मैंने अपने हाथ से टुकड़े किए, चने बराबर. मैंने सोचा, शरमा रही है. ये लड़की हमारे सामने बड़ी हुई है, दाढ़ तक मुँह खोल के हँसती थी. मुझे पता होना चाहिए था." वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. न्यायाधीश म्हणाले, बोलू द्या. बाबा म्हणाले, "राज़ी थी कि नहीं, ये मैं नहीं बता सकता. मैंने उससे अकेले में पूछा ही नहीं था." टाइप करणारा थांबला होता, न्यायाधीशांनी त्याला हे सगळं लिहायला सांगितलं. कुंदाताई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी मनगटात रुतली.

बाहेर आलो तेव्हा ऊन तापलं होतं. बाबा एकदम म्हातारे दिसत होते. ते कुंदाताईसमोर उभे राहिले आणि हात जोडायला लागले. तिने ते हात मध्येच धरले आणि म्हणाली, "काका, मला भूक लागली आहे." मग आम्ही सगळे कोर्टासमोरच्या हलवायाकडे गेलो. आईने मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे मागवले. हलवायाने बाबांना ओळखलं, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि न मागता खव्याच्या जिलबीची एक प्लेट पुढे ठेवली.  बाबांनी जिलबी उचलली. त्यांची बोटं आपसूक ती मोडायला लागली, बारीक बारीक, आणि त्यांचं त्यांनाच ते दिसलं तेव्हा ते तसेच थांबले, हाताला पाक लागलेला.

"राहू द्या ते, काका," कुंदाताई म्हणाली. "अख्खी द्या." तिने प्लेटमधली दुसरी जिलबी घेतली आणि तोंड उघडलं. जबडा कट् करून वाजला, आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. तो पुढे जन्मभर वाजतच राहिला. तिने तोंड आणखी उघडलं, मागच्या दाढांपर्यंत, आणि अख्खी जिलबी खाल्ली. बाबा हातातले तुकडे धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते तुकडे स्वतः खाल्ले.